मराठी पाळकसाहेबांचा आखात दौरा, उपवासकाळ 2027: परवानगीपासून प्रभुभोजनापर्यंत काय काय बघावं?

पैलतीर | 4 ऑगस्ट
सर्वांना सलाम. पुढच्या उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) महाराष्ट्रातून एक पाळकसाहेब दुबई, अबू धाबी, मस्कत आणि बाहरीन इथल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना भेटायला येणार आहेत. वय 61, मधुमेह आहे, आखातात पहिल्यांदाच. कच्चा बेत असा: 10 फेब्रुवारी 2027 ला, म्हणजे राखेच्या बुधवारी, दुबईत उतरायचं, मध्ये मस्कतला जाऊन परत दुबई, मग अबू धाबी, शेवटी बाहरीन. एकूण तीन आठवडे. टुरिस्ट व्हिसा काढला की झालं, असं काहींचं म्हणणं आहे. कोणत्या परवानग्या लागतात, सोबत काय आणावं, काय आणू नये, उपासनेत काय सांभाळावं? कृपया नेमकं लिहा, म्हणजे हे सगळं त्यांना तसंच कळवता येईल.

मिठागर | 4 ऑगस्ट
आधी तारखा बदला. 2027 चा रमजान 8 फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतोय आणि ईद 9-10 मार्चच्या सुमारास आहे, चंद्र दिसण्यावर एखादा दिवस मागेपुढे. तुमचे तिन्ही आठवडे रमजानात जातात. चर्च रमजानातही उघडी असतात, उपासना होतात, पण बाहेरून येणाऱ्या माणसाला हा महिना जड जातो. फेब्रुवारीच्या मध्यात दुबईत सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास असतो. त्याआधीचा तासभर रस्त्यावर सगळ्यांनाच रोजा सोडायला घर गाठायचं असतं. त्या वेळी ठेवलेली उपासना अर्धी रिकामी राहते आणि येणारे धापा टाकत येतात. रमजानात संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर आठच्या आधी ठेवू नये.

दुसरं, दिवसा खाण्यापिण्याचं. घरात, किंवा उघड्या असलेल्या हॉटेलात बसून खायला हरकत नाही. पण रस्त्यावर, टॅक्सीत, बसथांब्यावर पाण्याची बाटलीही तोंडाला लावू नये. चर्चच्या आवारातला चहासुद्धा या महिन्यात हॉलच्या आत देतात. आजूबाजूचा माणूस पहाटेपासून उपाशी आहे, ही जाणीव आपणही उपवासकाळ पाळत असताना जास्तच असायला हवी. मधुमेही पाहुण्याला मात्र भेटीगाठींच्या धावपळीत हे सांभाळणं कठीण आहे.

ईस्टर 28 मार्चला आहे. म्हणजे ईदनंतर उपवासकाळाचे जवळजवळ तीन आठवडे मोकळे मिळतात. 12 ते 28 मार्च धरा. ईदच्या सुट्टीत कार्यालयं बंद असतात, म्हणून परवानगीचे कागद रमजान लागायच्या आधीच हातात असू द्या.

दोन तीर | 4 ऑगस्ट
मिठागर यांच्या तारखा बरोबर आहेत. त्यात आठवड्याच्या सुट्टीचं गणित घाला. अमिरातीत 1 जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम (शारजात शुक्रवार-शनिवार-रविवार). ओमान, बाहरीन, कुवेत, कतार, सौदी इथे अजून शुक्रवार-शनिवार. म्हणजे मस्कत आणि बाहरीनमध्ये मोठी उपासना शुक्रवारी, दुबई-अबू धाबीत रविवारी. एकाच पाहुण्याला आठवड्यात दोन शहरं आरामात मिळतात, शनिवार प्रवासाला. घड्याळही लक्षात ठेवा: ओमान आणि अमिरात भारतापेक्षा दीड तास मागे, बाहरीन अडीच तास.

व्हिशात हमखास चूक होते ती अशी. अमिरातीचा व्हिसा एकवेळ प्रवेशाचा काढतात, मध्ये मस्कतला जातात, आणि परतताना कळतं की बाहेर पडताच तो संपला. तुमचा दुबई-मस्कत-दुबई बेत नेमका त्यात अडकेल. एक तर अनेकवेळ प्रवेशाचा व्हिसा काढा, नाहीतर क्रम बदला: मुंबई-मस्कत, मस्कत-दुबई, अबू धाबी, मग बाहरीन आणि बाहरीनहून मुंबई. असा एका रेषेत प्रवास केला तर प्रत्येक देशात एकदाच शिरायचं आहे. प्रत्येक देशाचा व्हिसा वेगळा धरून चाला आणि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.

खजूरबाग | 5 ऑगस्ट
"टुरिस्ट व्हिसा काढला की झालं" हे खोडून टाकावंसं वाटतं. देशात शिरायची परवानगी वेगळी आणि व्यासपीठावर उभं राहायची वेगळी. पाहुण्याची परवानगी यजमान चर्चने काढायची असते, पाहुण्याने नाही. अमिरातीत बिगरमुस्लिम प्रार्थनास्थळांसाठी 2023 चा स्वतंत्र संघीय कायदा आहे. अबू धाबीत हा कारभार समुदाय विकास खात्याकडे, दुबईत समुदाय विकास प्राधिकरणाकडे. म्हणून आपला छोटा मराठी गट ज्या चर्चच्या आवारात जमतो, त्याच्या कार्यालयाला पहिलं पत्र जायला हवं.

पत्रासोबत द्यायचं ते असं: पासपोर्टची स्वच्छ प्रत, फोटो, अर्ध्या पानाचा इंग्रजी परिचय (दीक्षा कधी झाली, कोणत्या मंडळीत सेवा), त्यांच्या बिशपचं किंवा सिनॉडचं शिफारसपत्र, आणि कोणत्या दिवशी किती वाजता कोणत्या हॉलमध्ये काय होणार याचा तक्ता. नाव सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच. आपल्याकडे "रेव्ह." लावून आणि वडिलांचं नाव गाळून पत्रं लिहितात, पासपोर्टवर मात्र तीन नावं असतात, आणि कागद तिथेच अडतो. तीन महिने आधी सुरुवात करा.

घरी पन्नास माणसं जमवून उपासना हा मार्ग नको. आजाऱ्याच्या घरी जाऊन चार माणसांत प्रार्थना करणं आणि फ्लॅटमध्ये माइक लावून सभा घेणं यात मोठा फरक आहे.

रुवीकर | 5 ऑगस्ट
ओमानपुरतं लिहितो. इथे बिगरमुस्लिम सामुदायिक उपासना सुलतानांनी दिलेल्या जमिनीवरच्या आवारांतच होते. मस्कतमध्ये रुवी आणि घाला, शिवाय सोहार आणि सलाला. देखरेख धर्मादाय व धार्मिक व्यवहार मंत्रालयाची. प्रार्थना कोण चालवणार त्यांची नावं नोंदणीत असतात, त्यामुळे "आज पाहुण्यांनी थोडं बोलावं" असं ऐनवेळी ठरवता येत नाही. बाहेरून पुस्तकं आणायचीही परवानगी लागते. पाळकसाहेबांचं स्वतःचं पवित्र शास्त्र आणि गीतांचं पुस्तक आणायला अडचण नाही. एकाच पुस्तकाच्या पंचवीस प्रती बॅगेत निघाल्या तर ती वैयक्तिक वस्तू राहत नाही.

मस्कतच्या लोकांना खुल्या मनाने भेटा. ओमानी माणूस अतिशय अगत्यशील आहे. कोणी कहवा आणि खजूर पुढे केला तर उजव्या हाताने घ्या, पुरे झालं की रिकामा पेला हलकेच हलवून परत द्या. नाही हलवला तर तो भरतच राहील.

निर्मळ नाका | 5 ऑगस्ट
आमच्या वसईकडच्या कॅथलिक गटांनाही हाच धागा उपयोगी पडेल, म्हणून फादरांसाठीचा भाग जोडतो. अमिरात आणि ओमान (आणि येमेन) दक्षिण अरबस्तानच्या प्रेषितीय प्रतिनिधी-क्षेत्रात (पोपच्या वतीने बिशप सांभाळतात तो विभाग), मुख्यालय अबू धाबी. बाहरीन, कुवेत, कतार, सौदी उत्तर अरबस्तानात, मुख्यालय बाहरीनच्या अवाली इथे. तिथलं आवर लेडी ऑफ अरेबिया कॅथेड्रल डिसेंबर 2021 मध्ये अभिषिक्त झालं. म्हणजे तुमच्यासारखा दौरा फादरांनी केला तर दोन वेगळ्या बिशपांच्या कार्यालयांत पत्रव्यवहार करावा लागतो. एकाची संमती दुसरीकडे चालत नाही.

फादरांजवळ वर्षाच्या आत दिलेलं सेलेब्रेट (मिस्सा अर्पण करायला पात्र असल्याचं आपल्या वरिष्ठांचं पत्र) हवंच, त्याशिवाय अनोळखी धर्मगुरूला वेदीवर उभं करत नाहीत. पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार आपल्या धर्मप्रांतात कायमचा मिळालेला असेल तर तो इतरत्रही चालतो, तिथल्या बिशपांनी नाकारला नसेल तर. विवाहाचं मात्र तसं नाही. तिथल्या बिशपांनी किंवा प्रमुख धर्मगुरूंनी त्या विवाहासाठी अधिकार सोपवला नसेल तर लग्न अवैधच ठरतं. "फादर आलेच आहेत, भाचीचं लग्नही उरकून घेऊ" ही विनंती दर दौऱ्यात येते. नम्रपणे नाही म्हणावं.

प्रॉटेस्टंट पाळकांनाही हे लागू आहे. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली मिळालेला परवाना भारताबाहेर उपयोगाचा नाही.

पैलतीर | 5 ऑगस्ट
मनापासून आभार. ईदनंतरच्या तारखा आणि मस्कतपासून सुरुवात, दोन्ही पटलं. आता दोन प्रश्न. उपदेशात कोणती पथ्यं? आणि एखाद्या मुस्लिम सहकाऱ्याने पाळकसाहेबांना श्रद्धेविषयी काही विचारलं, तर?

खजूरबाग | 6 ऑगस्ट
मुसलमानांत धर्मप्रसार कुठेच करू नये, अमिरातीत आणि ओमानमध्ये तर त्याला कायद्यानेच बंदी आहे. पत्रकं वाटणं, उपासनेचं आमंत्रण देणं, बाप्तिस्म्याचं बोलणं, यांतलं काहीही नाही. कोणी आदराने विचारलं तर पाळकसाहेबांनी आपण काय मानतो ते दोन वाक्यांत, तितक्याच आदराने सांगावं, त्याची विचारपूस करावी, विषय तिथेच थांबवावा. समोरच्याच्या धर्माची तुलना नको, स्तुतीच्या आडूनही नको. पाहुणा दोन आठवड्यांनी परत जातो. त्याच्या एका वाक्याचं ओझं इथे नोकरी करणाऱ्या कुटुंबावर आणि परवाना असलेल्या चर्चवर राहतं.

व्यासपीठावरून इस्लाम, पैगंबर, इथलं राज्य, भारतातलं राजकारण, पॅलेस्टाईन-इस्राएल, यांतलं काही येऊ नये. जुन्या करारातलं "इस्राएल" वाचताना आजच्या बातम्यांशी जोडायची सवय काहींना असते, ती घरी ठेवून यावी. बोलायला विषय भरपूर आहेत: दूर राहिलेली आईवडील-मुलं, कर्ज, एकटेपण, दारू, परदेशात वाढणाऱ्या मुलांची श्रद्धा.

फोटो: लोकांचे चेहरे परवानगीशिवाय टाकू नयेत, अमिरातीत तो गुन्हा आहे. पोस्टर मंडळीच्या गटापुरतं. घरी बोलायचं तर अमिरातीत व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, संदेश जातात. झूम, टीम्स, बोटिम चालतं. हे पाळकीणबाईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या रात्री घरी सगळे काळजीत पडतात.

ताडमाड | 6 ऑगस्ट
उपासनेच्या वेळेबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि दौऱ्यात सगळ्यात जास्त तंटा त्यावरूनच होतो. दुबईचं होली ट्रिनिटी किंवा अबू धाबीचं सेंट अँड्र्यूज अशा एकेका आवारात अनेक भाषांच्या अनेक मंडळ्या एकामागून एक जमतात. तुम्हाला हॉल मिळतो तो दीड तासासाठी. तुमच्या "शेवटच्या प्रार्थने"च्या वेळी दाराबाहेर पुढची मंडळी मुलाबाळांसह उभी असते. दीड तासाची विभागणी अशी ठेवावी: खुर्च्या-माइक-पडदा 10 मिनिटं, गीतं 15, प्रार्थना आणि पापांगीकार 10, शास्त्रवाचन 5, उपदेश 25, प्रभुभोजन 15, सूचना आणि आशीर्वाद 5, हॉल रिकामा करायला 5. गावाकडे उपदेश पाऊण तास चालतो, म्हणून पाळकसाहेबांना पंचवीस मिनिटांचा आकडा आधीच कळवा आणि समोर घड्याळ दिसेल असं ठेवा. मंडळीशी बोलणं आवारात, बाहेर.

गीतांचा क्रमांक सांगू नका, लोकांकडे "उपासना संगीत"च्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. पहिली ओळ सांगा आणि शब्द पडद्यावर दाखवा. इथे वाढलेल्या मुलांना मराठी बोलता येतं, पण देवनागरी अडखळत वाचतात. "तारण", "नीतिमत्त्व", "प्रायश्चित्त" हे शब्द त्यांच्या कानावरून जातात. असा शब्द आला की एका साध्या वाक्यात उलगडून सांगितला तर मागच्या बाकावरची मुलंही ऐकतात.

प्रभुभोजनाचं: द्राक्षरस इथेच विकत घ्या, भारतातून काहीही आणू नका. छोट्या पेल्यात 15 मिलिलिटर धरलं तर एक लिटरमध्ये सांडलंवलंडलं जाऊन 60 पेले होतात. भाकरीसाठी खुबूस (इथली अरबी रोटी) चालतो, पण एसीच्या हवेत तो पटकन कडक होतो आणि तुकडे मोडताना भुगा पडतो. रात्री कापून ठेवू नये. उपासनेच्या आधी अर्धा तास कापून स्वच्छ कापडात गुंडाळावा, ताटलीवरचं कापड वाढायच्या वेळीच काढावं.

सुकेळी | 6 ऑगस्ट
सामानाविषयी. इथल्या मंडळींसाठी घरोघरून डबे दिले जातात, त्यात सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे खसखस. अमिरातीत ती अमली पदार्थांत धरतात. अनारशाच्या एका बाजूला लावलेली खसखस आठवा. खसखस घातलेला घरचा मसाला, खसखशीचं सारण असलेल्या करंज्या, हे सगळं त्यातच आलं. डबा कोणी दिला हे तिथे विचारात घेत नाहीत, बॅग ज्याची त्याची जबाबदारी. पाळकसाहेबांनी कुणाचाही शिवलेला किंवा टेपने बंद केलेला डबा घेऊ नये. द्यायचंच असेल तर वसईची सुकेळी द्या. केळीच्या सोपात बांधलेली मिळतात, टिकतात, आणि इथल्या माणसाचा जीव त्यात असतो.

औषधं: मधुमेहाच्या गोळ्या मूळ पाकिटात, दौऱ्यापुरत्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत. कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांना अमिरातीत आधी ऑनलाइन मंजुरी लागते. आपल्याकडे गुडघेदुखीला सहज लिहून दिलेल्या गोळीत ट्रामाडॉल असू शकतं. पाकिटावरचं बारीक नाव वाचा.

हिशेबवही | 7 ऑगस्ट
पैशाबद्दल स्पष्ट बोलू या. अमिरातीत देणग्या गोळा करण्यावर 2021 चा कायदा आहे, परवानाधारक संस्थेशिवाय कोणालाही निधी गोळा करता येत नाही. म्हणून गावातल्या वसतिगृहासाठी किंवा चर्चच्या छपरासाठी व्यासपीठावरून आवाहन नको, बँक खात्याचा क्रमांक पडद्यावर नको, पाकिटं फिरवणं नको. उपासनेतलं दान यजमान चर्चच्या पेटीत आणि त्यांच्याच हिशेबात. पाहुण्याचा प्रवासखर्च कोण देणार हे आधी लेखी ठरवा.

ज्यांना मनापासून गावच्या संस्थेला द्यायचं आहे त्यांनी आपापल्या खात्यातून द्यावं. भारतीय नागरिकत्व असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलं आहे त्यांची मात्र धरली जाते, आणि घेणाऱ्या संस्थेकडे परकीय देणगीची नोंदणी लागते. गटातल्या एकाच्या खात्यात सगळ्यांचे पैसे जमवून पाठवणं हा दोन्ही बाजूंनी चुकीचा रस्ता आहे.

सोनापूर बस | 7 ऑगस्ट
एक विनंती. दौऱ्यात फक्त कुटुंबवाल्यांची घरं होऊ नयेत. मुहैसना (सगळे सोनापूर म्हणतात), अल कुझ, मुसफ्फा इथल्या कामगार वसाहतींत मराठी ख्रिस्ती माणसं राहतात. उपासनेच्या वेळी त्यांची शिफ्ट असते किंवा परतायला वाहन नसतं. वसाहतीत जाऊन उपासना घ्यायची नाही. एक बस ठरवा, रविवारी दुपारी त्यांना चर्चच्या आवारात आणा, जेवण द्या, रात्री नऊच्या आत परत सोडा, कारण पहाटे चार-साडेचारला कामाची गाडी सुटते. पाळकसाहेबांनी तिथे उपदेश थोडा करावा आणि एकेकाशी पाच मिनिटं बसावं. घरच्या आजारपणाचं, फसलेल्या एजंटचं, मुलीच्या शिक्षणाचं बोलणं तेव्हाच निघतं. कंपनीविरुद्धची तक्रार असेल तर पाळकांनी स्वतः कंपनीला फोन करू नये. त्या माणसाला भारतीय दूतावासाच्या मदत कक्षाशी जोडून द्यावं आणि आठवड्याने पुन्हा विचारावं.

दौऱ्याच्या काळात कोणी वारलं तर पाहुण्या पाळकांना बोलावणं येतंच. रुग्णालयाची सूचना, पोलिसांचं ना-हरकत पत्र, मृत्यूचा दाखला, दूतावासात पासपोर्ट रद्द करणं, शवलेपन, मग विमानाचा कार्गो, असा क्रम असतो. दुबईत शवलेपन केंद्रही मुहैसनालाच आहे. तिथे प्रार्थनेला पाच-दहा मिनिटं मिळतात. एक स्तोत्र, एक प्रार्थना, घरच्यांसाठी फोनवर ध्वनिमुद्रण. गावच्या मंडळीला पार्थिवाच्या विमानाची वेळ आणि कार्गोच्या पावतीचा क्रमांक पाठवणं हेही त्या वेळी सेवेचंच काम असतं.

जुनी पानं | 7 ऑगस्ट
थोडं अवांतर. आपल्या किनाऱ्यावरून या किनाऱ्याला जाणारे धर्मसेवक नवे नाहीत. 1549 मध्ये गास्पर बार्झे गोव्याहून होर्मुझला गेले. इंग्रज धर्मसेवक हेन्री मार्टिन 1811 मध्ये मुंबईहून इराणच्या बुशहरला उतरले आणि शिराझमध्ये राहून त्यांनी नव्या कराराचं फारसी भाषांतर केलं. लाहोरचे माजी बिशप थॉमस व्हॅल्पी फ्रेंच मे 1891 मध्ये मस्कतमध्येच वारले, उन्हाळ्याने आणि आजाराने. वय 66. पाळकसाहेबांचं वय बघता मार्च निवडला हे फार चांगलं. 15 जून ते 15 सप्टेंबर अमिरातीत भरदुपारी उघड्यावर काम करायलाही बंदी असते, इतकं ऊन.

पैलतीर | 8 ऑगस्ट
सगळं उतरवून घेतलं. सुधारित बेत: 11 मार्चला मस्कत, शुक्रवार 12 ला रुवीत उपासना. शनिवारी दुबई, रविवार 14 ला उपासना आणि दुपारी कामगार बांधवांची बस. रविवार 21, झावळ्यांचा रविवार, अबू धाबी. 24 ला बाहरीन, शुक्रवार 26 ला उत्तम शुक्रवार, 28 ला पुनरुत्थानाची उपासना, 29 ला मुंबई. सौदीतल्या खोबर-दम्मामच्या कुटुंबांना बाहरीनला येता येईल का? आणि उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना बारा ते तीन ठेवावी का?

दोन तीर | 8 ऑगस्ट
सौदीत जाहीर उपासना नाही, म्हणून तिथले बरेच जण किंग फहद कॉजवेने बाहरीनला येतात. पूल 25 किलोमीटरचा आहे, पण शुक्रवारी सकाळी तपासणी नाक्यावर दोन-अडीच तास जाऊ शकतात. त्यांना गुरुवारी रात्रीच निघायला सांगा. सौदीचा एक्झिट-रीएंट्री (बाहेर जाऊन परत यायचा परवाना) आणि बाहरीनचा व्हिसा दोन्ही आधी काढून ठेवावेत. सौदीच्या निवास परवान्यावरचा हुद्दा बघून बाहरीनचा व्हिसा मिळतो, त्यामुळे प्रत्येकाने स्वतःचं तपासावं.

बारा ते तीन ठेवू नका. ती जुम्म्याच्या नमाजेची वेळ, आजूबाजूच्या गल्ल्या गाड्यांनी भरतात, आणि नमाजेहून निघणाऱ्यांची वाटही आपल्या गाड्यांनी अडते. दुपारी तीनला सुरू करून सहाला संपवा. 28 ला रविवार, बाहरीनमध्ये कामाचा दिवस. पुनरुत्थानाची उपासना पहाटे साडेचारला ठेवली तर साडेसहाला लोक कामावर निघू शकतात. प्रभातफेरी आवाराच्या भिंतीच्या आत, मेणबत्त्या घेऊन, ढोलकी न वाजवता. ढोलकी हॉलमध्ये, दारं लावून.